विपश्यना करूनही सासूबाईंवर आवाज चढतो. नेमके काय चुकत असावे?

सांजवात :

नमस्कार. येथे ध्यानाविषयी अनुभवाने लिहिणारे अनेक जण आहेत, म्हणून संकोच बाजूला ठेवून हा प्रश्न मांडत आहे. मी ४८ वर्षांची असून नाशिकमध्ये एका पतसंस्थेत नोकरी करते. घरी यजमान, बारावीची मुलगी आणि ८१ वर्षांच्या सासूबाई आहेत. सासूबाईंना अल्झायमर असल्याचे निदान दोन वर्षांपूर्वी झाले. जुने सगळे त्यांना लख्ख आठवते. माहेरच्या विहिरीचा रहाट कोणत्या बाजूला होता, लग्नात कोणी कोणता आहेर केला, हे त्या बिनचूक सांगतात, परंतु पाच मिनिटांपूर्वी घेतलेला चहा मात्र त्यांच्या लेखी झालेलाच नसतो.

मी कामावरून परतेपर्यंत एक मावशी त्यांच्याजवळ असतात, त्यामुळे दिवस निभावतो. खरी कसोटी संध्याकाळी लागते. दिवेलागणीच्या सुमारास त्यांचा एकच प्रश्न सुरू होतो, "हे अजून कसे आले नाहीत?" सासरे जाऊन सात वर्षे झाली. एकदा मी मोजले, तेव्हा साडेसहा ते आठ या वेळात त्यांनी हा प्रश्न २३ वेळा विचारला होता. पहिल्या चार-पाच वेळा मी शांतपणे उत्तर देते, पुढे उत्तर तुटक होत जाते आणि मग एका क्षणी माझा आवाज असा चढतो की तो माझाच आहे हे मलाही पटत नाही. गेल्या मंगळवारी मी ओरडले, "ते गेलेत आई, किती वेळा सांगू?" त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू ती बातमी त्यांना त्या क्षणी प्रथमच कळत होती, आणि पदर तोंडाला लावून त्या रडू लागल्या. दहा मिनिटांनी त्यांनी पुन्हा तेच विचारले. मुलगी खोलीच्या दारात उभी होती. ती काही बोलली नाही, फक्त दार लोटून आत गेली.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी इगतपुरीला दहा दिवसांचे विपश्यना शिबिर केले. परतल्यावर सुमारे दोन महिने सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसत होते. आता सकाळची वीस मिनिटे उरली आहेत. त्या वीस मिनिटांत मन खरोखर निवळते, पण संध्याकाळी ओट्याशी उभी राहिले की त्याचा मागमूस राहत नाही. माझे प्रश्न असे आहेत. माझ्या साधनेतच काही खोट आहे का? दुसरे म्हणजे, "राग आला की त्याला फक्त पाहा" असे सांगतात. तसे करण्याचा मी प्रयत्न केला, ओठ घट्ट मिटून घेतले, आणि त्या रात्री साध्या विजेच्या बिलावरून यजमानांवर दुप्पट चिडले. मग पाहणे आणि गिळणे यांत फरक तो काय? तिसरा प्रश्न खरे तर प्रश्न नाहीच. ज्या बाईने मला वीस वर्षे लेकीसारखे वागवले, तिच्यावर मी ओरडते, ही टोचणी दिवसभर जात नाही.

घाटवाट :

सांजवातताई, मी गेली १९ वर्षे ही साधना करतो. आचार्य वगैरे नाही, सातारा जिल्ह्यात किराणा मालाचे दुकान चालवणारा साधा साधक आहे, तेव्हा माझे म्हणणे त्याच मापाने घ्यावे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शिबिराच्या रचनेतच आहे. सत्यनारायण गोयंका गुरुजींनी १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून येऊन भारतात ही शिबिरे सुरू केली, तेव्हापासून त्यांचा साचा जवळपास तोच आहे: पहाटे चारची घंटा, दिवसभरात दहा तासांहून अधिक बैठक, पहिले साडेतीन दिवस नाकपुड्यांशी होणाऱ्या श्वासाच्या स्पर्शावर लक्ष, त्यानंतर सर्वांगातील संवेदनांचे निरीक्षण आणि दहाव्या दिवशी सुटणारे आर्य मौन, म्हणजे शिबिरात पाळायचे मौन. या काळात स्वयंपाक सेवक करतात, फोन जमा असतो आणि मुख्य म्हणजे कोणीही आपल्याला एकही प्रश्न विचारत नाही. तुमची अडचण तर प्रश्नाचीच आहे. तिथे जे साधले ते घरी तसेच्या तसे मिळेल, ही अपेक्षाच थोडी चुकीची आहे. गाणारा पहाटे खर्ज लावतो तो खर्ज कोणाला ऐकवण्यासाठी नसतो. मैफलीत तो वेगळ्याच रूपाने येतो, कधी येतही नाही.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. "रागाला पाहा" हे वाक्य अर्धवट आहे आणि त्यामुळे बरेच गैरसमज होतात. राग पाहता येत नाही. राग ओळखू येईपर्यंत तो डोक्यात वाक्ये बनवू लागलेला असतो: "ह्यांना मुद्दाम कळत नाही", "सगळे माझ्याच वाट्याला", "अजून किती वर्षे". त्या वाक्यांकडे पाहायला गेलो की आपण त्यांच्यातच सामील होतो. म्हणून या परंपरेत लक्ष वेदनेवर ठेवायला सांगतात. येथे आपली मराठी आडवी येते, कारण आपल्याकडे वेदना म्हणजे दुखणे. पाली भाषेत मात्र सुखद, दुःखद आणि धड ना सुखद ना दुःखद अशा तिन्ही अनुभवांना वेदना हाच शब्द आहे. राग शब्दांत उतरण्याआधी शरीरात कुठेतरी खूण करतो. ती खूण प्रत्येकाची वेगळी असते. कोणाची कानशिले तापतात, कोणाचे जबडे आवळतात, कोणाचा श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो. माझे सांगायचे तर उधारी थकवलेला माणूस दुकानाच्या पायरीवर दिसला की माझा डावा अंगठा मुठीत जातो. ही गोष्ट माझ्या लक्षात यायला, खोटे वाटेल, चौदा महिने लागले. त्याआधी दुकानातल्या मुलाला ती ठाऊक होती; "शेठ, मूठ" असे तो एकदा म्हणाला.

तुम्ही ओठ मिटून घेतलेत तेव्हा बहुधा रागाकडे पाहत नव्हता, तर ओरडू नये यासाठी स्वतःवर पहारा ठेवत होता. पहारेकऱ्याला दरवाजा दिसतो, घरात काय चालले आहे ते दिसत नाही. आतली खूण दिसली तर ती नाहीशी करायची नसते, शांतही व्हायचे नसते. "येथे गरम आहे, येथे घट्ट आहे" एवढे जाणून दोन-तीन श्वास तिच्याबरोबर राहायचे असते. एवढ्याने आवाज चढणार नाही याची हमी मी देत नाही. क्रम साधारण असा असतो की आरंभी ओरडून झाल्यावर अर्ध्या तासाने ध्यानात येते, पुढे ओरडता ओरडता ध्यानात येते आणि कधीतरी, रोज नव्हे, ओरडण्याआधी येते. तुम्हाला ओरडल्यावर लगेच दिसते आहे. ते दिसणे हीच साधना आहे, साधनेचा पराभव नव्हे.

एक गोष्ट सांगून थांबतो. आपण ज्याला सजगता म्हणतो त्याला पालीत सति म्हणतात आणि सति म्हणजे संस्कृतातील स्मृती. मागचे आठवणे एवढाच त्याचा अर्थ नाही, आत्ता आपण कुठे आहोत आणि काय करतो आहोत याचे भान सुटू न देणे असाही आहे. तुमच्या घरी एकीची स्मृती जात चालली आहे आणि तिच्याशेजारी उभे राहून दुसरीला आपली टिकवायची आहे. दिवसभराच्या नोकरीनंतर हे काम सोपे असेल असे कोणी म्हणू नये.

कोकणकडा :

ध्यानाचे मला काही कळत नाही. वडिलांना हाच आजार होता आणि मी सहा वर्षे त्यांच्याजवळ होतो, एवढ्याच अधिकाराने लिहितो.

वडील एस. टी. महामंडळात वाहक होते आणि राजापूर आगारातून निवृत्त झाले होते. आजार वाढल्यावर दुपारी चार वाजले की ते शर्ट चढवून दारात उभे राहत आणि विचारत, "माझी तिकिटाची पेटी कुठाय? पाचची गाडी आहे." पहिले वर्षभर मी त्यांना समजावत होतो की तुम्ही निवृत्त झालात, पेन्शनचे पुस्तक दाखवत होतो, तारखा सांगत होतो. त्याचा परिणाम एवढाच होई की ते मला खोटारडा म्हणत आणि मी त्यांना हात धरून आत आणत असे. एकदा त्या ओढाताणीत ते पडले. सुदैवाने हाड मोडले नाही.

माझ्या थोरल्या बहिणीने शहाणपणाची गोष्ट केली. ती त्यांच्याजवळ पायरीवर बसली आणि तिने विचारले, "बाबा, ही गाडी कुठून कुठून जाते?" वडील लगेच बसले आणि सांगू लागले: राजापूर, ओणी, वाटूळ, लांजा, पाली, हातखंबा, रत्नागिरी. मधले विनंती थांबे, कुठे कोण चढायचे, कोणत्या वळणावर पावसाळ्यात दरड यायची, सगळे. रत्नागिरी येईपर्यंत पाच वाजून गेलेले असत आणि गाडीचा विषय मिटलेला असे. त्या दिवसापासून आम्ही पेटी शोधणे बंद केले आणि रोज रत्नागिरीला जाऊन येऊ लागलो.

सांगायचे हे की तुमच्या सासूबाईंचा प्रश्न माहिती मिळवण्यासाठी नाही, त्यामुळे माहिती देऊन तो संपतही नाही. संध्याकाळ झाली, उजेड कमी झाला, घर ओळखीचे वाटेनासे झाले आणि ज्या माणसाच्या येण्याने आयुष्यभर संध्याकाळ पुरी होत असे तो माणूस दिसत नाही, असे काहीतरी त्या सांगत असाव्यात. या आजारात दिवस मावळताना अस्वस्थता वाढते हे डॉक्टरही सांगतात. साडेपाचलाच सर्व दिवे लावून ठेवले तर थोडा फरक पडतो, आम्हाला पडला होता. सासरे गेले हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगू नका. प्रत्येक वेळी त्या नव्याने विधवा होतात. "येतीलच इतक्यात" असे खोटेही बोलायला नको, कारण मग त्या दाराशी जाऊन उभ्या राहतील. "आज त्यांची फार आठवण येतेय का?" किंवा "ते यायचे तेव्हा काय आणायचे?" असे विचारून पाहा. माझ्या आईला हेही फसवणुकीसारखे वाटायचे आणि यावर आमचे खटके उडायचे; तिचे म्हणणे अगदीच चूक होते असे मी आजही म्हणणार नाही.

आणखी एक. रुग्ण झालेले भांडण विसरतो म्हणून आपण मनाची समजूत घालतो, ती खरी नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी स्मृती गमावलेल्या लोकांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवून २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला आणि पुढे २०१४ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांवर तसाच दुसरा. चित्रफितीत काय होते ते लोक विसरले, पण तिने आणलेली उदासी किंवा प्रसन्नता त्यांच्या मनात नंतरही रेंगाळत राहिली. हे मी तुमची टोचणी वाढवण्यासाठी लिहीत नाही. याची दुसरी बाजू अशी की तुम्ही त्यांच्या पाठीवरून हात फिरवला हे त्या विसरतील, पण त्याने आलेला निवांतपणा विसरणार नाहीत. मला हे वडील गेल्यावर वाचायला मिळाले.

गोंधळ अचानक वाढला असेल तर लघवीतील जंतुसंसर्ग, थायरॉईड आणि बी-१२ यांची तपासणी जरूर करून घ्या. वयस्कर माणसांत यामुळे विसराळूपणात भर पडते आणि यांवर उपचार होतात.

रोखठोक :

मी थोडे वेगळे लिहिणार आहे, कडू लागल्यास क्षमस्व.

ताई, तुमचा मजकूर मी दोनदा वाचला. यजमान त्यात दोनदा येतात, एकदा घरातील माणसांच्या यादीत आणि एकदा तुम्ही त्यांच्यावर चिडलात तेव्हा. साडेसहा ते आठ या वेळात ते कुठे असतात याचा उल्लेख नाही. सासूबाईंना दुसरे अपत्य आहे का, याचाही नाही. नोकरी करून आलेली बाई ओट्याशी उभी राहून एका हाताने स्वयंपाक करते आणि दीड तासात २३ वेळा तेच उत्तर देते. तिला राग आला नाही तरच मी काळजी करेन. हा राग मनाचा विकार नसून घरातील कामाच्या वाटणीवरचा साधा, बरोबर असलेला अभिप्राय आहे, अशी शक्यता कोणीच का विचारात घेत नाही? आपल्याकडे बाईने दोन श्वास घ्यावेत हा उपाय सर्वांना आवडतो, कारण त्यासाठी घरातल्या इतर कोणालाही खुर्चीवरून उठावे लागत नाही.

ध्यान करू नका असे मी म्हणत नाही. पण घरात पाणी भरत असेल तर आधी नळ बंद करावा, मग पोहायला शिकावे.

घाटवाट :

रोखठोक यांचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो माझ्या लिहिण्यात यायला हवा होता. समता, म्हणजे मनाचा तोल राखणे, हे सोसणे नव्हे, असे शिबिरातही सांगितले जाते. जरब द्यावी लागली तर द्यावी, फक्त देताना आतून पेटलेले नसावे, असे गुरुजी सांगत. फक्त एक जोड देतो: वाटणीची गोष्ट साडेसात वाजता, विसाव्या प्रश्नानंतर काढली तर तिचे भांडण होते आणि तीच गोष्ट रविवारी सकाळी काढली तर तिचे वेळापत्रक होऊ शकते. वेळ निवडता येण्यापुरते भान ठेवणे, एवढा उपयोग ध्यानाचा येथेही आहे.

ओलावा :

मी पुण्यात समुपदेशक म्हणून काम करते आणि दीर्घ आजारी माणसांच्या कुटुंबीयांशी माझा नेहमी संबंध येतो. वरची उत्तरे चांगली आहेत, म्हणून मी फक्त तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नांकडे वळते.

पाहणे आणि गिळणे यांतील फरक मानसशास्त्रात बराच अभ्यासला गेला आहे. जेम्स ग्रॉस या संशोधकाने नव्वदच्या दशकात प्रयोगांतून दाखवले की भावना चेहऱ्यावर दिसू न देण्याचा आटापिटा केला तर बाहेरून माणूस शांत दिसतो, पण आतील भावना त्यामुळे कमी होत नाही आणि शरीरावरचा ताण उलट वाढतो. विजेच्या बिलावरून उडालेला भडका हा त्याचाच नमुना आहे. याउलट मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेऊन असे पाहिले की भावनेला नुसते नाव दिले तरी मेंदूतील अमिग्डाला या धोक्याची सूचना देणाऱ्या भागाची हालचाल मंदावते. नाव देणे म्हणजे कारणमीमांसा नव्हे, सल्ला नव्हे. केवळ "ही चीड आहे" एवढे म्हणणे.

येथे मराठीचा उपयोग करून घ्या, असे मी माझ्याकडे येणाऱ्यांना आवर्जून सांगते, कारण राग हा एकच शब्द वापरून आपण स्वतःवर अन्याय करतो. आठव्या वेळी तेच उत्तर देताना जे होते ते बहुधा कंटाळा असते. पंधराव्या वेळी वैताग येतो. हातातले काम राहून जाते आहे म्हणून होते ती चडफड. इतर कोणी उठत नाही हे पाहून भांडी जोरात आपटली जातात तो त्रागा, आणि त्रागा ही फार बोलकी भावना आहे, कारण तो नेहमी कोणाच्या तरी कानावर पडावा म्हणूनच केलेला असतो. रोखठोक यांनी ज्या वाटणीविषयी लिहिले ती गोष्ट तुमच्या त्राग्याला आधीच ठाऊक असणार. सासूबाई रडू लागल्या तेव्हा आली ती शरम. या सर्वांना राग म्हटले की उपाय एकच सुचतो, तो म्हणजे दाबणे. निरनिराळी नावे दिली की कंटाळ्यासाठी रेडिओ लावता येतो, त्राग्यासाठी बोलता येते आणि शरमेसाठी क्षमा मागता येते.

या सगळ्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट असण्याचा संभव आहे आणि ती म्हणजे शोक. पॉलीन बॉस या अमेरिकी संशोधिकेने अशा नुकसानीचा विशेष अभ्यास केला आहे, ज्यात माणूस समोर असतो पण तो पूर्वीचा राहिलेला नसतो. अशा वेळी कोणी भेटायला येत नाही, दहावे-तेरावे नसते, रजा मिळत नाही, आणि रडायला काही निमित्तही नसते. ज्यांनी तुम्हाला वीस वर्षे लेकीसारखे वागवले, त्या सासूबाई तुम्ही थोड्या थोड्या करून गमावत आहात. हे दुःख चिडचिडीच्या वेशात येते, असा माझा वारंवारचा अनुभव आहे.

रुग्णालयांतून आज जी सजगतेची प्रशिक्षणे चालतात त्यांची सुरुवात १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी केली. त्यांच्याकडे आरंभी पाठवले जाणारे अनेक रुग्ण असे होते की ज्यांच्या जुनाट दुखण्यावर डॉक्टरांकडे सांगण्यासारखे फारसे काही उरले नव्हते. दुखणे जाईल असे आश्वासन त्यांना दिले जात नसे. तुमच्या घरातील प्रश्नही थांबणार नाही. त्यामुळे प्रश्नांची संख्या मोजू नका. मोजायचेच असेल तर आतली खूण किती वेळा दिसली ते मोजा.

टोचणीविषयी मी एवढेच म्हणेन की सासूबाईंची क्षमा मागण्याची सोय या आजाराने ठेवलेली नाही, पण दार लोटून आत गेलेल्या मुलीला तो मंगळवार पूर्ण आठवत असणार. तिच्याशी बोलावे, आणि बोलताना आपली बाजू मांडू नये.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. झोप उडणे, कशातच रस न वाटणे, सतत थकवा किंवा "मीच नसते तर बरे" असे विचार दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकले, तर त्यावर ध्यान हा उपाय मानू नये. मनोविकारतज्ज्ञांना भेटावे किंवा केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतूनही बोलता येते. जीव नको असे वाटू लागले तर मात्र दोन आठवडे थांबू नये, त्याच दिवशी बोलावे.

सांजवात :

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण आधी करून पाहायचे आणि मग लिहायचे असे ठरवले होते.

माझी खूण सापडली. मला वाटले होते कपाळ किंवा छाती असेल, पण ती हातात निघाली. सासूबाईंचा प्रश्न कानावर आला की मी सांडशी गरज नसताना घट्ट धरून ठेवते. दूध उतरवून झालेले असते तरी सांडशी सुटत नाही. हे मला पहिल्या आठवड्यात एकदाच दिसले, तेही ओरडून झाल्यावर. दुसऱ्या आठवड्यात तीन-चार वेळा दिसले. दिसले म्हणजे राग गेला असे झाले नाही. फक्त सांडशी ओट्यावर ठेवायची की धरायची, एवढे ठरवायला वेळ मिळाला. एकवीस संध्याकाळींपैकी पाच वेळा आवाज चढला. आधी किती वेळा चढत होता ते मोजलेले नाही, त्यामुळे तुलना करत नाही.

मुलीशी बोलले. "आई, तू ओरडतेस त्याचं नाही, पण नंतर तू दोन तास कोणाशीच बोलत नाहीस, त्याची भीती वाटते," असे ती म्हणाली. हे मला मुळीच माहीत नव्हते.

रोखठोक, तुमचे लिहिणे वाचून पहिल्यांदा तुमचाच राग आला होता. यजमान त्या वेळात घरीच असतात, बातम्या पाहतात. रविवारी सकाळी पोह्यांच्या वेळी विषय काढला. आता साडेसहा ते साडेसात ते आईंजवळ बसतात. दुसऱ्याच दिवशी नवव्या प्रश्नाला त्यांचाच आवाज चढला, "अगं आई, बाबा गेले गं!" आणि मग ते स्वयंपाकघरात येऊन माझ्याकडे न पाहता पाण्याचा ग्लास भरत उभे राहिले. मी काही बोलले नाही. मनात थोडे बरे वाटले हे कबूल करते; त्या भावनेला ओलावा यांनी सांगितलेल्या यादीत नाव सापडले नाही. पुण्याच्या दिरांशीही बोलणे झाले, ते महिन्यातून एक शनिवार-रविवार येऊन राहणार आहेत. जाऊबाईंना ते रुचलेले दिसत नाही. बी-१२ फार कमी निघाले, इंजेक्शने सुरू केली आहेत. विसरण्यात अद्याप फरक नाही.

"ते यायचे तेव्हा काय आणायचे?" हे विचारून पाहिले. सासरे कामावरून येताना भद्रकालीतून भाजी आणत आणि स्वस्त मिळाली म्हणून कोथिंबिरीच्या चार-चार जुड्या आणत, मग रात्री जेवणानंतर त्या निवडत बसावे लागे, हे सासूबाईंनी तीन आठवड्यांत मला रोज सांगितले आहे. मी कोथिंबिरीची एक जुडी आणून त्यांच्यासमोर ताटात ठेवू लागले. त्या निवडतात, देठही पाल्यात घालतात, आणि "बघ, किती आणलीय" असे म्हणत राहतात. त्या अर्ध्या तासात प्रश्न येत नाही.

परवा मात्र त्या कोथिंबीर हातात घेऊन नुसत्या बसून राहिल्या. ती कशासाठी आहे हे त्यांना सुचत नव्हते. कोकणकडा, तुमच्या वडिलांना पुढे गावांची नावे आठवेनाशी झाली असतील, तेव्हा तुम्ही त्यांना काय विचारत होता?

कोकणकडा :

विचारणे थांबवले. मी नावे सांगायचो आणि ते "हं" म्हणायचे. शेवटी शेवटी तेही म्हणत नसत, पण हातखंबा म्हटले की पायरीवरून पाय खाली सोडायचे, कारण तिथे गाडी दहा मिनिटे थांबत असे.